दोर कुणी धरायचा

कामाच्या दौऱ्यावर परंडा तालुक्यात गेलो आणि माझ्या वैऱ्याला मलाच निरोप धाडून बोलवावं लागलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत झाली.

निजामी जाऊन काही वर्षं झाली होती. मोटा सुटून विहिरींवर ऑइल इंजिनं बसायला लागली होती, आणि मी बार्शीच्या एका दुकानाचा फिटर म्हणून ती बसवत गावोगाव हिंडायचो. परंड्याजवळच्या एका मळ्यात इंजिन बसवताना जोड निसटला आणि झडपेसकट पाइप विहिरीच्या तळाला गेला. दिवाळी नुकतीच झालेली, विहिरीला पाणी भरपूर. गळ टाकून बघितला तर नुसता गाळ वर आला. पाइप निघाला नाही तर शेठ मला दुकानाची पायरी चढू देणार नव्हता. आधीच एकदा त्यानं दम भरलेला होता.

मग बुडी मारणारा माणूस शोधणं आलं. पहिला सापडला तो सकाळीच झिंगलेला. त्याला विहिरीत सोडला असता तर त्याला काढायला आणखी एक शोधावा लागला असता. दुसऱ्यानं विहिरीत डोकावून बघितलं, म्हणाला, "ह्या हिरीत बाई गेलीय. म्या न्हाय उतरत," आणि धोतर झटकून चालता झाला. शेवटी मळ्याचा मालक म्हणाला, "परंड्यात एक हाय. मूळचा तेरचा. त्याच्यावानी बुडी मारणारा ह्या भागात दुसरा न्हाय."

तेरचा म्हटल्याबरोबर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मीही तेरचाच.

मी लहान असताना माझा थोरला भाऊ तेरणेच्या पुरात गेला. म्हैस काढायला उतरला, म्हैस बाहेर आली, हा आला नाही. गावात बुडी मारणारा तेव्हा हा एकच. तो आला, कमरेला दोर बांधला, काठावर जरा वेळ उभा राहिला, आणि गाठ सोडून घरी निघून गेला. पाण्यात पाय म्हणून घातला नाही. दोर चिखलात पडलेला होता, तेवढं मला मोठ्यांच्या पायांमधून दिसलं. पूर उतरल्यावर भाऊ खालच्या अंगाला बाभळीत अडकलेला सापडला. तेव्हापासून आई रोज चूल पेटवताना त्या माणसाच्या नावानं बोटं मोडायची. मुडदा बशिवला त्याचा, असं म्हणायची. डूख धरायला मी तिच्याकडूनच शिकलो. तो पुढं परंड्याला राहायला गेला म्हणून माझ्या हातून वाचला, असं मी यारदोस्तांना सांगत असे.

तर तो आला. म्हातारा झाला होता, पण छाती अजून लोहाराच्या भात्यासारखी. त्यानं मला ओळखलं नाही. कमरेला दोर बांधून विचारलं, "दोर कोण धरणार?" मालकाचा गडी पुढं झाला तर त्याला त्यानं मागं सारलं.

"ज्याचं गेलंय त्यानंच धरायचा. दुसऱ्याचा हात ढिला पडतो. माझी रीतच हाय ती, त्याबिगर म्या उतरत न्हाय. एक हिसका म्हंजी ठीक, दोन म्हंजी वढा."

दोर माझ्या हातात आला. खरं सांगतो, पगाराच्या दिवशीही मला कधी एवढं बरं वाटलं नव्हतं. मला काही तो सोडायचा नव्हता, त्याच्यापायी जेलात कोण जाणार? पण वरचा माणूस आपल्याला ओढील का नाही, ह्या भ्यानं त्याचा जीव तळापर्यंत टांगलेला राहावा, एवढं उट्टं मला पाहिजे होतं. तो पाण्यालगतच्या पायरीवर उतरला तेव्हा मी म्हणालो, "मी तेरचा. पुरात गेला त्याचा धाकटा भाऊ. आलं का ध्यानात तुझ्या?" वडीलधारा होता, तरी अहो-जाहो माझ्या तोंडातून निघालं नाही.

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. कमरेची गाठ चाचपली. आता सोडतो, असं मला वाटलं. त्यानं वर आणखी एक गाठ मारली.

"मग नीट धर," तो म्हणाला. "त्या दिशी तुमच्या घरच्या कुणी धरला असता तर म्या पुरात बी उतरलो असतो. कुणी धरला न्हाय."

"खोटं बोलतोयस."

"आईला इचार तुझ्या." आणि त्यानं बुडी मारली.

दोर सरसर गेला. मी दातओठ खात तो धरून उभा. एक हिसका आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोन आले, आणि मी तळहात सोलेपर्यंत ओढत राहिलो. त्यानं सोबत नेलेली दुसरी दोरी पाइपाला बांधली होती, तिनं गड्यानं पाइप वर काढला. म्हातारा वर आला, अंग पुसलं, मालकानं दिलेला चहा प्याला आणि माझ्याकडं न बघता गेला. माझी नोकरी वाचली.

काम उरकून मिळेल त्या मोटारीनं तेर गाठलं. तो लबाड आहे, एवढं आईनं म्हणावं, की परत जाऊन त्याला चारचौघांत उभा सोलायचा, असं ठरवून मी घरात शिरलो. आई भाकरी थापत होती. तिला विचारलं, "त्या दिवशी दोर कुणी धरला नव्हता का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तुझ्या बापाच्या हातात दिला व्हता त्यानं. म्याच हिसकून टाकून दिला."

"का?"

"माझं लेकरू पल्याडच्या काठाला लागलं असंल, असं वाटत व्हतं. दोर धरला असता म्हंजी त्याला मेला म्हटल्यावानी झालं असतं."

"मग इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या कशापायी दिल्यास?"

"मग कुणाला देऊ?" ती म्हणाली, आणि भाकरी माझ्या ताटात टाकली.

सकाळी चूल पेटवताना ती परत त्याच्या नावानं बोटं मोडायला लागली. मी तिला थांबवलं नाही.