मुकादमाचं रक्त

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं.

मी पाथर्डीकडची. ऊसतोडीच्या घरातली पहिली पदवीधर. नगरच्या एका दवाखान्यात मणक्याला मार लागलेल्यांचं रक्त तपासते. मज्जारज्जूला इजा झाली की तिथली काही प्रथिनं रक्तात उतरतात. जितकी जास्त, तितकी इजा मोठी. सुरुवातीला बऱ्याच जणांचे पाय लुळेच असतात, नुसतं बघून अंदाज येत नाही. रक्तावरून थोडा येतो. पण हे अजून संशोधनातलं काम — आकडा पेशंटला सांगायचा नाही, असा नियम.

तो नियम मी नेहमी मोडायचे. आकडा कमी दिसला की खाटेजवळ जाऊन हळूच सांगायचे, रक्त बरं आहे, व्यायाम सोडू नका. माणसं रडायची. वॉर्डात सगळ्यांना ठाऊक झालं होतं — रक्तवाल्या ताई ज्याला सांगतात, त्याला आशा आहे. ज्याला सांगत नाहीत, त्याला...

मग केडगावजवळ मोटारसायकल घसरून आमच्या टोळीचा मुकादम आला.

माझे वडील उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून पडले, तेव्हा हा मुकादम बाजूलाच उभा होता. "नाटकं करतंय. उभं करा त्येला," म्हणाला. दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. वडील पुढं मरेपर्यंत अंथरुणावर होते. आमच्या घरात या सगळ्याला नशीब म्हणायचे. मार लागलेला मणका असा हलवायचा नसतो, हे मला कॉलेजच्या वर्गात कळलं. शिक्षणाचे माझ्यावर फार उपकार आहेत — हा रागही त्यानंच दिला.

मुकादमानं मला ओळखलं नाही. कशाला ओळखेल? त्याचं रक्त मीच तपासलं. आकडा कमी होता. इतका कमी, की दुसरा कुणी असता तर मी धावत गेले असते.

त्यानंच हाक मारली. "ताई, शेजारच्याला सांगितलं म्हनं तुमी. माझं काय हाय?"

"सांगता येत नाही, आबा. नियम आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी डोळे खाली वळवले, वाईट वाटत असल्यासारखे. ते काही नियमात नव्हतं.

"समजलं," तो म्हणाला.

काय समजला, ते मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं व्यायामवाल्या बाईंना परतवून लावलं — मेलेल्या पायांना कशाला वढता, म्हणे. डॉक्टर समजावून थकले. घरच्यांनी त्याला गावी नेलं. मला दुःख झालं का? नाही. त्या दुपारी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

काही महिन्यांनी, परवा, त्याला फेरतपासणीला आणलं. जीपमधून चौघांनी उतरवला. गुडघे आखडलेले, सरळ होईनात. बायको त्याच्या तोंडावरच्या माशा वारत होती. डॉक्टरांनी जुना आकडा पाहिला, पाय पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. एवढ्या कमी इजेचा माणूस एव्हाना काठी घेऊन तरी चालायला हवा होता.

"याच्या बाबतीत आपली तपासणी चुकली म्हणायची," ते मला म्हणाले.

"असेल, सर," मी म्हणाले. आणि मुकादमाच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधू लागले.