परक्या नाण्यावरचा स्वार

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी सरांनी एक चांदीचं नाणं दोन दिवसांसाठी माझ्या हाती दिलं आणि माझी झोप उडाली. त्यांच्या लेखासाठी त्याचं चित्र काढायचं होतं. नाणं दोन हजार वर्षांपूर्वीचं, स्पेनमधल्या केल्टिबेरियन लोकांचं. एका बाजूला दाढीवाला चेहरा, दुसऱ्या बाजूला भाला घेतलेला घोडेस्वार आणि खाली त्यांची अक्षरं. रोमनांशी ते वर्षानुवर्षं लढले, शेवटी हरले. नाण्याचं वजन रोमनांसारखं, लिपी मात्र स्वतःचीच. सर म्हणाले, "अक्षरं वाचता येतात, अर्थ मात्र धड कळत नाही." मला एवढंच कळत होतं, की हे हरवलं तर माझी धडगत नाही. कोल्हापुराहून उचगावला येईपर्यंत मी ते शंभर वेळा चाचपलं.

शनिवारी चित्र काढत होते, तेवढ्यात आई मागून वाकली. "जोतिबा हाय की ह्यो!"

मी चटकन नाण्यावर हात ठेवला. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातला जोतिबाचा टाक, म्हणजे पागोटं घातलेला, घोड्यावरचा देव उठवलेला चांदीचा छोटा पत्रा, सोनाराकडे मोडीत गेला होता. आई स्वतःच तो पदरात बांधून देऊन आली होती. त्यानंतर घरात देवाचं नाव निघत नसे.

"स्पेनचा कोणतरी हाय त्यो," मी खेकसले.

रविवारी सकाळी नाणं जागेवर नाही! मी डबे उपसले, अंथरुणं झटकली, रडकुंडीला आले. आई परसात बसली होती, नाणं तळहातावर.

"पुन्यांदा पूजा मांडणार हाईस व्हय?" मी ओरडलेच.

"पूजा न्हाई गं. नुसतं बघतीया. चौदा वर्सं झाली की."

मला लाज वाटली आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. "चित्र काढून देऊ तुला?"

तिनं नाणं माझ्या हातात ठेवलं. "दे. पर घोडं तेवढं काढ. वरचा माणूस नगं. तुझ्या बाला शबूद दिलाय मी."

मी नुसता घोडा काढला. तिनं तो भातानं भिंतीला चिकटवला. सोमवारी नाणं सरांना परत केलं, तरी जिवाला चैन नव्हतं. वडील काय म्हणतील?

संध्याकाळी ते कारखान्यातून आले आणि चित्रापुढे थांबले. आई चुलीपाशी मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

"घोडं झकास हाय," ते म्हणाले. मग घोड्याच्या मोकळ्या पाठीच्या वर, कोऱ्या जागेत, त्यांनी बोट टेकवलं. "हितं पागोटं हुतं," असं हळूच म्हणाले आणि भाजल्यासारखं बोट मागे घेतलं.