सातवं प्रकरण

नृसिंह मास्तरांच्या कादंबरीतलं सातवं प्रकरण वाचून कोल्हापुरातल्या बायका रडल्या, हे खरं आहे. त्याची किंमत घरात कुणी मोजली, हे मास्तरांना फार उशिरा कळलं.

मास्तर शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि थोरली बहीण कालिंदी, म्हणजे माई, अशी दोघंच. माईला नवऱ्यानं तीन महिन्यांतच टाकलं होतं. त्याविषयी ती चकार शब्द बोलायची नाही. एका दुपारी मात्र तांदूळ निवडता निवडता तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. नवऱ्यानं टाकल्यावर सहा वर्षांनी ती कुणाला न कळवता एसटीनं गगनबावड्याला गेली होती. त्याच्या दारात उभी राहिली. तो बाहेर आला, आणि त्यानं तिला ओळखलंच नाही. "कोण पाहिजे?" म्हणाला. माईच्या तोंडून निघालं, "जरा पाणी मिळेल का?" त्यानं तांब्या दिला. पाणी प्यायली आणि त्याच गाडीनं परत आली.

"कुणाला बोलू नकोस हं, नरसू."

मास्तर कुणाला बोलले नाहीत. त्यांनी लिहिलं. आपण तिला न्याय देतोय असंच त्यांना वाटत होतं. माणूस स्वतःची काय काय समजूत घालतो. नावं बदलली, गावही बदललं. पाणी तेवढं बदलवेना, कारण कादंबरीचा जीवच त्यात होता. पहिल्या पानावर 'माईस' अशी अर्पणपत्रिका घातली. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत पुस्तक आलं. पुण्याहून कौतुकाची पत्रं आली, सत्कारात शाल मिळाली.

शालीची घडीही मोडली नव्हती, तेव्हा नळावर शेजारच्या शालूबाईंनी माईचा हात धरला. त्यांना लेकीनं पुस्तक वाचून दाखवलं होतं, आणि अर्पणपत्रिकेवरून सगळं उमगलं होतं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "माई, त्यानं तुमास्नी नुसतं पाणी दिलं व्हय वो?"

नळावरच्या साऱ्या बायका माईकडं बघायला लागल्या.

माई घरी येऊन भांडली नाही, रडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं भात वाढला, आणि शुक्रवारी अंबाबाईला जाणं तेवढं सोडलं. मास्तरांनी माफी मागितली, तर म्हणाली, "चहा घेतोस?" पुढं दहा वर्षं मिठा-पिठापलीकडं बोलणं गेलं नाही. मास्तरांना दुसरी कादंबरीही जमली नाही.

चौऱ्याऐंशीत माई जेवेनाशी झाली. काय होतंय म्हणून विचारलं की "काही नाही रे." शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर तरी पोटात दुखत असणार. घरात कुणाला बोलल्या नाहीत?" घरात मास्तरांशिवाय होतं कोण?

शेवटच्या आठवड्यात मास्तर डबा घेऊन जायचे, तर माईचा आवाज वॉर्डच्या दारापर्यंत यायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाळाबाईला ती भरभरून काही सांगत असायची. मास्तर आत आले की थांबायची. एकदा माईचा डोळा लागला होता. मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी बाळाबाईला हळूच विचारलं, "काय सांगते ती?"

बाळाबाईनं त्यांच्या खिशातल्या पेनाकडं बघितलं.

"ते तुमास्नी न्हाय सांगायची मी, मास्तर. मला लिवाया-वाचाया येत न्हाय न्हवं, म्हणून तर बोलत्यात माझ्यासंगं."