जामसांवलीच्या धर्मशाळेतल्या दोघी

नवरा गेल्यावर चौदा महिने मी रात्री नीट झोपले नव्हते. दिवस पांढुर्ण्याच्या शाळेत, मुलांच्या गोंगाटात निघून जाई. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर अंगावर येई. हे दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचे. माघातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मीही सौंसरची बस धरली. दर्शन झालं, पण परत जायला पाय निघेना. घर तासाभरावर असूनही मी धर्मशाळेत गादी मागितली.

बायकांच्या हॉलमध्ये माझ्या एका बाजूला वरुडकडची सत्तरीची आजी होती. तिच्या गावच्या बाया जेवून केव्हाच घोरत होत्या. दुसऱ्या बाजूला भोपाळची एक मुलगी, पंचविशीची, पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन एकटीच फिरत निघालेली.

"एकटी? घरचे काही म्हनत नाहीत?" आजीने विचारलं.

"म्हणतात ना, आजी. रोज फोनवर म्हणतात," मुलगी हसली. तिची आई नागपूरची, म्हणून मराठी येत होतं. "मला भूक लागली आहे. बाहेर चहा मिळेल? कोणी येतं का?"

मी नाही म्हणणार होते. पण आजी उठून पदर सावरत होती. "मी येतो. मले रात्री असं बिनाकामाचं हिंडाले कधी भेटलंच नाही. चाल न वं बाई, तूबी चाल."

मी चपला घातल्या.

देवळाबाहेरच्या टपरीवर आलूबोंडे निघत होते. बरोबर तळलेली मिरची. आजीने दोन खाल्ले, वर तिसरा अर्धा माझ्या हातात कोंबला. मग मुलगी म्हणाली, जरा पुढे चालू या. दुकानांचे दिवे मागे पडले आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे लागले. झाडं फुलावर होती. तो वास मी जन्मापासून ओळखते, पण रात्री त्यातून चालत गेले नव्हते. आजी दमली तशा आम्ही नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसलो.

"तुम्ही कशासाठी आलात?" मुलीने मला विचारलं.

नवस आहे, असं सांगता आलं असतं. पण ही माणसं सकाळी आपापल्या वाटेने जाणार होती, म्हणून असेल, मी खरं सांगितलं. हे माझ्या शेजारी झोपेत गेले. मी पहाटे उठले, चहा ठेवला, हाक मारली. किती वाजता गेले कोणालाच माहीत नाही. मी हातभर अंतरावर होते आणि गाढ झोपले होते. परगावी असलेल्या मुलालासुद्धा हे मी असं कधी सांगितलं नव्हतं.

मुलीने माझा हात धरला. आजी माझ्याकडे वळली.

"तुह्या नवऱ्याची सवय कशी होती? रात्री पानी प्याले उठला तं तुले उठवे?"

"नाही. लाइटसुद्धा लावायचे नाहीत. माझी झोप मोडेल म्हणून."

"मंग," आजी म्हणाली, "त्या रातीबी नाई उठवलं त्यानं. तू काऊन सवताले कोसून राहिली?"

मी रडले. अगदी मोठ्याने, रस्त्यावर. बगीच्यातून बॅटरीचा झोत आला आणि राखणदार ओरडला, "कोन हाये तिकडे?"

"बाया हाओत, बापा!" आजी त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "संत्रे नाई चोरून राहिलो, रडून राहिलो!"

झोत एकदम खाली गेला. आधी मुलगी हसली, मग मी. पोट दुखेपर्यंत हसलो.

परतलो तेव्हा फाटकाला कुलूप लागलं होतं. चौकीदाराने डोळे चोळत उघडलं आणि आजीकडे पाहून म्हणाला, "या वयात?"

"याच्या आधी कोनं जाऊ देल्लं?" आजी म्हणाली.

त्या रात्री मी पडल्या पडल्या झोपले. जाग आली तेव्हा ऊन खिडकीत होतं, अंगावर मुलीची शाल होती आणि आजी माझ्यासाठी आणलेला चहा बशीने झाकून बसली होती. निघताना आम्ही नंबर घेतले.

मुलगी आता कुठून कुठून फोटो पाठवते. आजीला फोनवरचे फोटो नीट दिसत नाहीत, म्हणून सुट्टी पडली की मी वरुडकडे तिच्या गावी जाते आणि एकेक फोटो तिला सांगते. मुक्काम करते. रात्री जेवण झालं की तिची सून म्हणते, "आत्या, जास्त लांब जाऊ नका." आम्ही हो म्हणतो आणि बाहेर पडतो.