बिरोबापुढं न वाकलेली मान

तापाला आमचा बिरोबा पावतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. लसीवर मात्र माझा काडीचाही विश्वास नव्हता. लेक दीड महिन्याची असताना पहिल्या सुईनं तिची मांडी सुजली, पोर दोन दिवस रडली. तेव्हापासून गावच्या आशाताई लसीसाठी बोलवायला दारात आल्या की मी सासूबाईंना सांगायला लावायचे, "मायलेकी मेंढरांमागं गेल्यात." आणि आत चुलीशी बसून हसायचे. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

लेक तीन वर्षांची झाली आणि एका रविवारी सकाळी तापानं फणफणली. दोनदा उलटी झाली. उजेड सोसवेना म्हणून माझ्या पदरात तोंड खुपसू लागली. मी तिला कडेवर घेऊन तडक देवळात गेले, कपाळाला भंडारा लावला आणि म्हटलं, "पाया पड, बाळा." एरवी न सांगता डोकं टेकवणारी माझी पोर, त्या दिवशी तिची मान पुढं वाकेचना. मी हातानं वाकवू गेले तर किंचाळली.

शेजारी एक अनोळखी म्हातारी दर्शनाला उभी होती. तिनं पोरीच्या मानेला हात लावून पाहिला आणि माझ्यावरच ओरडली, "आगं, ताप हाय आन मान ताठलीया! माझ्या नातवाचं असंच झाल्तं. आमी अंगारं लावत बसलो, पोर हातचं गेलं. देव काय पळून जात न्हाई. सांगलीला ने हिला, आत्ताच्या आत्ता!" तिनंच आपल्या लेकाला गाडी काढायला लावली. घाईत मी तिचं नावही विचारलं नाही.

दवाखान्यात पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. जंतूंमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. "या जंतूवर लस असते. सगळे डोस झाले असते तर हे बहुधा टळलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच मला जास्त लागलं. मी नवस बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? "चूक माझी, पोर तुझी," एवढंच देवाला म्हणत राहिले. पाचव्या दिवशी तिनं भाकरी मागितली.

म्हातारी पुढं पुष्कळ शोधूनही भेटली नाही. घरचे म्हणतात, देवच आला होता. असेलही, मी वाद घालत नाही. पण आपल्या वाट्याचं काम टाळून देवावर भार टाकणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे मला कळलं. आता धाकट्या लेकाच्या प्रत्येक सुईला मीच त्याचा पाय धरते. तो रडतो, मीही रडते.

त्या आजारापासून लेकीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. हाक उजवीकडून मारावी लागते. ती वळून "काय गं आई?" म्हणते, तेव्हा माझे हात आपोआप जोडले जातात.