जहाजावर जमीन शोधणाऱ्या कुसुमताई

आमच्या अपार्टमेंटात एका सकाळी बातमी फुटली की तिसऱ्या मजल्यावरच्या कुसुमताई बोधनकर जहाज विकत घेतायत. मला ती वॉचमन यादय्यानं लिफ्टपाशी दिली. "साब, अम्मा पानी का जहाज ले रहे बोलते, सच्ची क्या?" मी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, "हौ. पार्किंगचीच काय ती अडचण आहे." दुपारपर्यंत इस्त्रीवाल्यापासून खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत हैदराबादचा अख्खा बरकतपुरा विचार करत होता की टायपिस्टच्या पेन्शनीत जहाज बसतं कसं आणि ताईंचा मुलगा युवराज कॉम्प्युटरवर नक्की करतो तरी काय.

संध्याकाळी ताईंनीच बातमी दुरुस्त केली. विकत घ्यायचं नव्हतं, निवडायचं होतं. त्यांच्या ठिपका मंडळाचं, म्हणजे रांगोळीवाल्या बायकांच्या मंडळाचं, यंदाचं संमेलन समुद्रात, क्रूझवर भरणार होतं आणि जहाज पसंत करायचं काम ताईंवर आलं होतं. मला खरं म्हणजे वाईट वाटलं. पहिली बातमी जास्त रंगली असती.

त्यांच्या समोरच्या दारात मी राहतो, त्यामुळे ताईंची माहिती माझ्याइतकी कोणालाच नाही, त्यांच्या मुलालाही नाही. सरकारी कचेरीत जन्मभर टायपिंग केलेली बाई. बोटं अजून चळवळी. निवृत्तीनंतर ती सगळी चळवळ रांगोळीत उतरली. ठिपक्यांचा कागद नाही, छापा नाही, चाळणी नाही. चिमटीतून ठिपके असे पडतात की वाटतं जमिनीवर ते आधीपासून होतेच, ताईंनी फक्त वरची धूळ उडवली.

आता जमिनीचं सांगतो, कारण सगळं रडगाणं तिथलंच आहे. पूर्वी ताई काचीगुड्याला भाड्याच्या घरात होत्या. तिथं शहाबादी फरशी, काळीभोर, खरखरीत, पीठ धरून ठेवणारी. इथं फ्लॅटमध्ये आल्या आणि दारापुढं रोज काढू लागल्या. मग एकदा पार्सलवाला पोरगा त्यांच्या कमळावरून घसरला, सेक्रेटरींनी नोटीस लावली: कॉरिडॉरमध्ये पावडर बंद, स्टिकर चालेल. ताईंनी घरात देवापुढं काढायला घेतली. तर युवराजनं ते गोल यंत्र आणलं, आपोआप फिरून झाडू-पोछा करणारं. रोज सकाळी ते गुरगुरत यायचं आणि सूर्यासकट गोपद्मं खाऊन पुढं जायचं. मी म्हटलं, "ताई, नैवेद्य थेट पोचतोय." त्या हसल्या. पण तेव्हापासून त्यांनी परात उपडी घालून तिच्या पाठीवर काढायला सुरुवात केली. वर्षभर परातीएवढी रांगोळी. हात मोकळा सुटायचा तो फक्त संमेलनात.

संमेलनाची त्यांची एक रीत आहे, तिला त्या 'जोड' म्हणतात. शेवटच्या दिवशी हैदराबाद, नांदेड, गुलबर्गा, सोलापूर, पार इंदूरहून आलेल्या चारपाचशे बायका एकाच जमिनीवर बसतात. प्रत्येकीचा एक चौकोन; पण रेघ आपल्या चौकोनात संपवायची नाही, शेजारणीच्यात सोडायची आणि तिनं ती पुढं न्यायची. मधोमध पहिला ठिपका ठेवतात कुसुमताई. बाकी सगळ्या तिथून मोजत जातात. झाल्यावर थोडा वेळ बघायचं आणि मग सगळ्यांनी मिळून तळहातानं पुसायचं. एकदा मी बायकोला, सुप्रियाला, आणायला नामपल्लीच्या हॉलवर गेलो होतो तेव्हा ते पुसणं पाहिलं. इतक्या बायका आणि आवाज नाही, हे दृश्य मी पुन्हा कुठं पाहिलेलं नाही.

यंदाची जोड ताईंची शेवटचीच होती. गुडघे पार गेलेले. ऑपरेशनची तारीख संमेलनानंतरची घेतली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की नंतर जमिनीवर मांडी घालून बसणं विसरायचं. खुर्चीत बसून ठिपके टाकता येत नाहीत. एवढ्या एका बैठकीसाठी ताई गुडघे दाबत, तेल चोळत दिवस काढत होत्या.

आणि नेमकी यंदाच मंडळाची नवी अध्यक्ष झाली मनीषा. गच्चीबावलीची, कार्यक्रम घडवून देण्याचा धंदा, बोलणं सतत टाळ्यांच्या तयारीत. सभेत ती म्हणाली, "समुद्रावर रांगोळी! व्हिडिओ कसले पळतील बघा!" बायकांनी हॉल डोक्यावर घेतला. त्यात कुसुमताईंनी उठून विचारलं, "जहाजाला जमीन कसली असते गं?" जो हशा पिकला तो म्हणे पाच मिनिटं ओसरेना. मनीषा म्हणाली, "मावशी, मग तुम्हीच निवडा ना जहाज! निवड समितीच्या प्रमुख तुम्ही!" सगळ्यांनी ते गंमत म्हणून घेतलं. ताईंनी काम म्हणून घेतलं. जन्मभर साहेबानं पुढं टाकलेला कागद त्यांनी टाइप न करता कधी परत केला नव्हता.

कंपन्यांशी बोलायला ताई आमच्याकडं यायच्या, कारण लॅपटॉप माझा. आमच्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे, सुप्रियानं नुमाइशच्या प्रदर्शनातल्या काश्मिरी दुकानातून घासाघीस करून आणलेला. ताई सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या. त्या गालिच्यावर त्यांनी पाय टेकलेला मला आठवत नाही. पलीकडून कंपनीचा माणूस उत्साहानं सुरू व्हायचा.

"मॅडम, बाल्कनीवाला केबिन देखिए, पूरा समुंदर..."

"समुंदर नक्को बाबा, फर्श दिखाओ."

"फर्श?"

"हौ, फर्श. जमीन. जिस पे तुम चलते."

बिचारा फोटो पाठवायचा. जेवणघरात गालिचा, नाटकघरात गालिचा, जिन्यावर गालिचा, एका जहाजाच्या तर लिफ्टमध्येही गालिचा. मी म्हटलं, "ताई, याने आमच्या हॉलचेच फोटो पाठवलेत." सुप्रिया खूश झाली. ताई "पुढचा फोटो" म्हणाल्या. उघड्या डेकवर लाकडी फळ्या होत्या, पण मध्ये फटी आणि वरून वारा. पोहण्याच्या तलावापाशी फरशी होती, पण सदा ओली. घसरगुंड्या, जुगाराची टेबलं, रोज रात्रीचे नाच, सगळं दाखवून तो दमला. ताईंनी प्रत्येक फोटोत फक्त माणसांच्या पायाखाली बघितलं.

मग एक जहाज सापडलं. त्यावर नाचाचा हॉल होता, दारं बंद होणारा, आणि जमीन काळी, सपाट, अखंड. ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सवयीनं ठिपके टाकत नेले. फोटो पुढं पळाला तर दचकल्या. "गिरीश," त्या म्हणाल्या, "काळी आहे रे." पोराचं नाव ठेवताना म्हणावं तशा म्हणाल्या. तेवढ्या आठवड्यापुरत्या त्या गुडघे दाबायला आणि तेल चोळायलाही विसरल्या.

ते जहाज एका दिवसासाठी चेन्नईला लागणार होतं. कंपनीनं बघायला बोलावलं. मनीषाला वेळ नव्हता, युवराजला रजा नव्हती, म्हणून हमाल म्हणून मी गेलो. काचीगुड्याच्या स्टेशनवरून गाडी. बंदरावर तपासणीत ताईंच्या पिशवीतून पांढऱ्या पुडीचा डबा निघाला आणि पहारेकरीण बाईंचा चेहरा बदलला. मी मागच्या मागं सरकलो. ताईंना मी ओळखत नाही असा चेहराही करून पाहिला. ताईंनी चिमूट घेतली आणि त्या बाईंच्या टेबलावर एक छोटी वेल सोडली. "कोलम!" ती बाई रांगोळीचं तमिळ नाव घेत म्हणाली आणि हसून जाऊ दिलं. निघताना तिनं ती वेल पुसली नाही, रजिस्टर बाजूला सरकवलं.

नाचाचा हॉल फोटोतल्यासारखाच होता. ताई माझ्या खांद्याला धरून खाली बसल्या. त्या बसण्याला जो वेळ लागला त्यात मला एकही विनोद सुचला नाही. बसल्या आणि हात सुटला. ठिपके पडत गेले, रेघ निघाली, वळली, परत आली. वर्षभर परातीवर आखडलेला हात तिथं कोपरापासून फिरत होता. कंपनीचा माणूससुद्धा फोन खाली करून बघत राहिला.

मग ताई थांबल्या. मला आधी कळलं नाही. वाकून पाहिलं तर पहिले ठिपके ठिपके राहिले नव्हते. कडा सुटल्या होत्या. कण सरकत होते, मुंग्यांसारखे, अगदी सावकाश. बारीक रेघ फुगली, शेजारच्या रेघेला टेकली, तिच्यात मिसळली. खाली कुठंतरी यंत्रं चालू होती. पावलांना जेमतेम जाणवेल एवढी थरथर. ताईंनी पिशवीतून जाड दाण्याची रांगोळी काढली, पुन्हा ठिपके टाकले. तेही चालू लागले. त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या.

"मशीन बंद नहीं होते क्या, बाबा?"

"मॅडम, अभी तो जहाज खड़ा है. चलने पे थोड़ा और हिलेगा."

मी म्हटलं, "ताई, तुमचे ठिपकेसुद्धा क्रूझला निघाले." चांगला विनोद होता. ताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. पदराच्या टोकानं सगळं पुसून घेतलं. उठवायला आम्ही दोघं लागलो.

परत आल्यावर त्यांनी सभेत उभं राहून खरं ते सांगितलं. "कुठलंच जहाज नको. माल वाईट नाही, पण जमीन थरथरते. रांगोळी राहत नाही. नामपल्लीला नेहमीचा हॉल घेऊ." निवड समितीचा अहवाल एवढाच.

मनीषाकडं तोड तयार होती. "मावशी, किती काळजी करता! स्टिकर आहेत ना! मागचा कागद काढायचा आणि चिकटवायचं. गालिच्यावरसुद्धा बसतात. तुमचा पहिला ठिपका स्टेजवर, माइकवर नाव पुकारून!" मग तिनं हात वर करायला सांगितले. सगळे हात वर झाले. भारती देशपांडे म्हणून ताईंची काचीगुड्यापासूनची मैत्रीण आहे. जोड मांडताना वर्षानुवर्षं शेजारच्या चौकोनात बसून ताईंची रेघ पहिल्यांदा तीच उचलते. तिचाही हात वर गेला. ताईंनी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "कुसुम, नातवंडं मागंच लागलीत गं, घसरगुंडी आहे म्हणून." ताई म्हणाल्या, "जा की. मी कुठं अडवायले?"

जहाज ठरलं ते सगळ्यांत जास्त घसरगुंड्यांचं, लिफ्टमध्येही गालिचा असलेलं. निमंत्रणपत्रिका आली. चकचकीत. खाली छापलेलं: जहाज निवड समिती प्रमुख, श्रीमती कुसुमताई बोधनकर. मी ती यादय्याला दाखवली तर तो म्हणाला, "मैं बोला था ना साब, अम्मा का जहाज!"

ताई गेल्या नाहीत. युवराजनं समजावलं, मनीषानं फोन केला, भारती रडली. ताई सगळ्यांना "गुडघे" म्हणाल्या. खोटं नव्हतं, म्हणून कोणाला पुढं बोलता येईना.

संमेलनाच्या शेवटच्या दिवशी, जोडीच्या दुपारी, मी त्यांच्याकडं डोकावलो. माझ्या फोनवर सुप्रियाचे व्हिडिओ धडाधड येत होते. तीही गेली होती ना. लाल गालिच्यावर बायका ओळीनं उभ्या राहून वाकून वाकून ठिपके चिकटवत होत्या, कोणाला बसावं लागत नव्हतं, कोणाची रेघ कोणाकडं जात नव्हती. ताई खुर्चीत होत्या. दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. मांडीवर परात, उपडी, कोरी. ते गोल यंत्र त्यांच्या खुर्चीच्या पायांना धडकून मागं फिरत होतं, पुन्हा येत होतं. त्यांनी पायही वर घेतले नव्हते.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी फोन पुढं केला. "ताई, बघा, तुमचं जहाज चाललंय जोरात. जेवणात पुरणपोळी आहे म्हणे. तुम्ही आपल्या इथं कोरड्यावर. समुद्र इथंच आणू का तुमच्यासाठी?"

ताईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "गिरीश, इतके दिवस हसवायलास मला. एकदा तरी म्हणालास का, 'ताई, आमच्या हॉलमधला गालिचा गुंडाळतो, या, बसा, काढा'?"