दाढीवाल्या बाळाचं बारसं

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जासईच्या भागीरथी आत्याची खोड चौकश्या करण्याची. तिच्या घरासमोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर बंदराकडे जातात, आणि पुढे कोंडी झाली की तिच्या दारातच उभे राहतात. अशा वेळी ती पदर खोचून रस्त्यावर येते आणि ड्रायव्हरला विचारते, “क्या है रे अंदर?” ड्रायव्हर म्हणतो, “मावशी, सील है, हमको भी नहीं मालूम.” यावर तिचा जीव नुसता तळमळतो. एवढा मोठा डबा कुठून कुठून ओढून आणलेला, आणि आणणाऱ्यालाच आत काय आहे ते माहीत नाही! हे तिला अजून पटलेलं नाही.

तिचं माहेर बोनकोड्याचं. तिथे आता भातशेती नाही, भाऊ बाळारामने जुन्या घराच्या जागी चार मजले उठवले आहेत आणि वरच्या तिन्हींवर भाडेकरू आहेत. पण त्या घरात जन्मलेल्या प्रत्येक पोराचं नाव भागीरथीनेच ठेवलेलं. आत्याचाच मान तो. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि मग जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालायचे. गुद्दे जितके जोरात, तितका मान मोठा. पहिल्या बारशाला तिने आईला विचारलं होतं, “आये, बालाला नाव नाय आवडलं तर?” आई म्हणाली, “बालाला कोन इचारतं? वाक खाली.”

तिचं स्वतःचं नाव तर दोनदा ठेवलं गेलं. बोनकोड्याला ती जमुना होती. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं. ही शाळेत गेलेली नव्हती. त्यामुळे ताटात काय लिहिलंय ते मांडवातल्या शिकलेल्या माणसांना आधी कळलं आणि जिचं नाव तिला सगळ्यांत शेवटी. “काय लिवलंय गं, काय लिवलंय?” म्हणून तिने शेजारच्या करवलीला कोपराने ढोसलं, तर अख्खा मांडव हसला. नवरी कधी असं विचारते का? नवरा चांगला निघाला, संसार झाला, तो गेला, मुलगा केतन बोटीवर नोकरीला लागला. हसण्याचा तो आवाज मात्र तिच्या अजून लक्षात आहे.

बाळारामच्या धाकट्या लेकीचं बारसंही तिनेच केलं. ते नाव काय होतं, ते इथे सांगत नाही. वाचकालाही भागीरथीची खोड असेल तर त्याचा जीव तळमळेल, तळमळू दे. ज्याचं नाव त्यालाच नको झालंय ते आपण कशाला मिरवा?

कारण ती लेक लेक नव्हतीच, मुलगा होता. त्याचं त्याला हे फार लवकर कळलं, घरच्यांना कळेपर्यंत त्याची पंचविशी उजाडली. बाळाराम वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. मग एका रविवारी आपण होऊन त्याला आपल्या नेहमीच्या सलूनमध्ये घेऊन गेला आणि शेजारच्या खुर्चीत बसवला. बापलेकांनी एकदमच दाढी केली. त्यावर घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही.

भागीरथीने मात्र चर्चा सोडून दुसरं काही केलं नाही. पोरगा नोकरीला जासईजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात, दुपारचं जेवण रोज आत्याकडे. डॉक्टरांचे उपचार चालू झाले तसे तिचे प्रश्नही चालू झाले. “दाढी खाजते का रं?” “सुरुवातीला खाजायची.” “आवाज बदलला तवा घसा दुखला?” “नाही गं.” “मंग आता तू घोरत पन असशील.” तो हसायचा, सांगायचा. एकदा उत्तर मिळालं की तो विषय तिच्यापुरता मिटला. पूर्वी ती त्याला ‘बाय’ म्हणायची, आगऱ्यांच्या घरात लाडक्या लेकीला म्हणतात तसं. एक दिवस वाढता वाढता ‘बाला’ म्हणाली. तो जेवायचा थांबला, त्याने तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागला. तेव्हापासून तो बालाच.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना घोडं अडलं ते नावापाशी.

एका दुपारी एक ट्रेलरवाला दारात आला. “निकेश सर हैं क्या? साइन चाहिए.”

“इधर कोई निकेश नहीं,” भागीरथी म्हणाली.

मागच्या मोरीवर हात धूत असलेला तिचा भाचा पुढे आला, त्याने मुकाट्याने सही केली. ड्रायव्हर गेला.

“निकेश कोन?” तिने विचारलं.

“मी, आत्या. तुला सांगणारच होतो.” आणि मग त्याने सगळं सांगितलं. यार्डाच्या गेटवर पास दाखवला की नवा वॉचमन पासवरचं नाव बघतो, मग दाढी बघतो, आणि साहेबाला फोन लावतो. बँकेत तेच, लायसनवर तेच. म्हणून ठाण्याला कलेक्टर कचेरीत अर्ज केला होता, प्रतिज्ञापत्र दिलं होतं. तिथून ओळखीचा दाखला आलाय, त्यावर निकेश लिहिलंय. आता राजपत्रात नाव छापून आणायचं, मग आधार, पॅन, बँक, सगळीकडे बदलायचं. सोमवारी अर्ज भरणार.

“नाव कोनी ठेवलं?”

“मीच ठेवलं.”

भागीरथीने ताट पुढे सरकवलं. “जेव,” एवढंच म्हणाली. तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि पोरगा तिथेच घाबरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तर दाराला कुलूप. त्या दारावर दुपारचं कुलूप त्याने कधी पाहिलं नव्हतं.

कुलूप लावून आत्या गेली होती कुठे? शेजारी राजाबाईच्या ओट्यावर बसली होती, आणि भाचा कुलपाकडे बघत उभा राहिलेला तिला तिथून दिसत होता. तिला वाईट वाटत होतं. पण रागही आला होता, आणि राग रास्त होता असं तिचं मत होतं. दाढी आली, आपण काही म्हटलं का? आवाज बदलला, काही म्हटलं का? मग नाव ठेवायची वेळ आली तेव्हा आत्या मेली होती का?

घरच्यांनी अर्थातच भलताच अर्थ लावला. दोन दिवसांनी बाळाराम गाडी घेऊन जासईला आला, तो भाषण पाठ करूनच. “ताई, आता कायदा हाय. कोर्टानं पन सांगितलंय. जमाना बदलला, आपन पन जरा…”

“राजपत्र म्हंजे काय रं?” ताईने मध्येच विचारलं. रुसली म्हणून खोड थोडीच जाते.

“सरकारचा पेपर. जुनं नाव, नवं नाव, दोनी छापून येतात.”

“आनि वाचतं कोन?”

“तसा कोनी नाय वाचत.”

“मंग कानात कोन सांगतं?”

प्लॉटच्या कागदांसाठी बाळारामने जन्मभर कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या होत्या, पण असा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. “कानात कोन कशाला सांगल? छापलं म्हंजे झालं. मधलं नाव माझंच हाय बग,” तो जरा छाती काढून म्हणाला.

“तुजं हाय नं? मंग माजा मान कुठं गेला?” भागीरथी कडाडली. “मना समजवायला आला! पोरगा झाला, बरा झाला, मना काय त्याचं! पन कानात सांगितल्याबिगर नाव लागू व्हतं का? बारसा करा. नाव मी ठेवीन.”

“अगं, पन त्यानं निकेश…”

“नामदेव ठेवीन. बाचं नाव.”

नामदेव हे त्या दोघांच्या वडिलांचं नाव. ते नातवाला ठेवावं हे बाळारामच्या मनातही कधी आलं नव्हतं, आणि आता आलं तर जाईना. पाठ केलेलं भाषण तिथेच टाकून तो परत गेला.

संध्याकाळी पोरगा स्वतः आला. दारातच उभा राहिला. “आत्या, मला वाटलं मी तुला नकोसा झालो.”

“येडा हायस? नको असता तर भांडले असते का?”

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “बारसं कर. पण नाव निकेश राहू दे. प्लीज. बारा वर्षांचा असल्यापासून मनात तेच आहे, कोणाला सांगितलं नव्हतं.”

“बालानं बोलायचं नसतं. आत्या ठेवल ते नाव.”

“आणि तू ठेवशील त्याच नावाने मला जन्मभर हाक मारशील.”

“मंग? दुसरं कोन मारल?”

तो बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. कागदावर काहीही छापून येवो, या घरात दुपारी जेवायला बसल्यावर आत्या हाक मारेल तेच आपलं नाव, हे त्याला कळत होतं. तिलाही कळत होतं. “रविवारी ये,” तो शेवटी म्हणाला.

रविवारी बोनकोड्याला बायकांची ही गर्दी झाली. निम्म्या जणी घुगऱ्या खायला आल्या होत्या, निम्म्या बघायला. एवढं मोठं बाळ पाळण्यात मावणार कुठून, म्हणून त्याच्या आईने, सुचित्राने, त्याला खुर्चीत बसवून ओवाळलं. कोणीतरी हौसेने टोपडं आणलं होतं, ते डोक्यावर बसेना म्हणून गुडघ्यावर घातलं. जासईहून बरोबर आलेल्या राजाबाईने पाळणा म्हटला. बाळ घामाघूम झालं होतं. बाळाराम दाराशी उभा राहून कधी बहिणीकडे, कधी मुलाकडे बघत होता.

“वाका आता, आत्या!” बायका ओरडल्या, आणि चारपाच जणींनी मुठी वळून ठेवल्या.

भागीरथी वाकली. तोच कान. पाळीवर जुनं भोक होतं, बुजत आलेलं. तिनेच मांडीवर धरून टोचून घेतला होता तो. तिने ‘कुर्र’साठी तोंड उघडलं आणि तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. पोराने डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि खुर्चीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. सगळ्या खोलीला माहीत होतं की आत्या काय नाव सांगणार, आणि सगळी खोली हसायला तयार होती.

भागीरथीला ताट आठवलं. तांदूळ आठवले. तिला एकदम भरून आलं.

आणि भरून आलं तरी खोड ती खोड. एवढी बाळं झाली, एवढे कान झाले, पण ज्याला विचारता येईल असं बाळ तिला आज पहिल्यांदाच मिळालं होतं.

“बाला,” ती हळूच म्हणाली, “तुना कुठलं पायजे?”

त्याने डोळे उघडले. “तू नामदेव ठरवलंस ना?”

“मी ठरवलं. तुना कुठं इचारलं?” आणि तिने पदर मागे सारून आपलाच कान त्याच्या तोंडाशी नेला. “तूच सांग. नीट सांग, कुर्र करून.”

खोलीत कोणाला काही कळेना. पोराने आत्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं.

“दाढी टोचते की रं!” आत्या किंचाळली, मग कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. “नाव ठेवलं निकेश! आत्यानं ठेवलंय, कोनाला काय म्हनायचं हाय?”

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. धपाधप गुद्दे पडले. बाळारामने दाराशीच डोळे पुसले आणि घुगऱ्यांत मिरची जास्त झाली म्हणाला, तोवर त्याने त्या खाल्ल्याही नव्हत्या.

सोमवारी सकाळी राजपत्राचा अर्ज गेला. दुपारी निकेश जेवायला आला तेव्हा दार सताड उघडं होतं आणि तव्यावर बोंबील होते.

“बस, निकेश,” ती म्हणाली.

तो बसला. थोडं जेवून झाल्यावर म्हणाला, “आत्या, तुला एक विचारू?”

या घरात प्रश्न विचारायचं काम तिचं होतं. “इचार,” ती जरा नवलानेच म्हणाली.

“तुला तुझं कुठलं नाव आवडतं?”

तिचा उलथण्याचा हात थांबला. जन्मभर तिने जगाला हजार गोष्टी विचारल्या, पण हे तिला स्वतःलाही विचारायचं सुचलं नव्हतं. बोंबील करपायला लागले तेव्हा तिने गॅस बंद केला आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली.

“दोनी हाका मारून बग.”

“भागीरथी आत्या.”

तिने मान वाकडी करून ऐकलं. “हां. दुसरी?”

“जमुना आत्या.”

बाहेर ट्रेलर अडले होते, हॉर्न वाजत होते. ती उठून बघायला गेली नाही.

“ही परत मार,” ती म्हणाली.